प्राडाकडं नाव मागितलं, आता आपणही द्या: कोल्हापूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मालकांना खुलं पत्र

मालक मंडळींनो नमस्कार,

उद्यमनगरपासून ताराबाई पार्कपर्यंत आणि शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत जिथं कुठं बसून तुम्ही ईआरपी (सगळ्या धंद्याचा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), बिलिंग, पतसंस्थेचं, दूध संस्थेचं, हॉस्पिटलचं पॅकेज बनवून विकताय त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मी सर्व्हर आणि नेटवर्कची कामं करतो. तुमचं सॉफ्टवेअर ज्या मशीनवर चालतं ते मशीन बऱ्याच ठिकाणी मीच लावलेलं असतं, बॅकअप मी बघतो, रात्री बंद पडलं तर पहिला फोन मला येतो आणि दुसरा तुम्हाला. त्यामुळं तुमचं पॅकेज आतून कशाचं बनलंय ते मला रोज दिसतं. कुणाचं नाव घेणार नाही, एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटले असं होतं आणि हे प्रकरण एकाचं नाहीच.

मुद्दा थेट सांगतो. तुम्ही गिऱ्हाइकासमोर ओपन सोर्सला, म्हणजे ज्याचा कोड लिहिणाऱ्यांनी सगळ्यांना बघायला-वापरायला उघडा ठेवलाय त्या सॉफ्टवेअरला, नावं ठेवता आणि तुमच्या पॅकेजचा पाया, भिंती, छप्पर सगळं ओपन सोर्सचं असतं. वापरा की, कुणी अडवलंय, लिहिणाऱ्यांनी वापरायलाच दिलंय. पण ज्यांचं वापरताय त्यांचं नाव पुसू नका, त्यांनी घातलेल्या अटी पाळा आणि वर त्यांचीच बदनामी करू नका. मागणं एवढंच आहे, पण दोन ओळीत सांगितलं की तुम्ही "बघू की" म्हणून सोडून देता, म्हणून सविस्तर लिहितोय.

शिरोली एमआयडीसीत माझे एक फाउंड्रीवाले गिऱ्हाईक आहेत, मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडं बऱ्याच वर्षांपासून आपल्याच गावातल्या एका कंपनीचं पॅकेज आहे. हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक), स्पेक्ट्रोचा रिपोर्ट (धातूत काय किती आहे त्याची तपासणी), कुठलं कास्टिंग कुठल्या हीटमधलं, रिजेक्शन किती, आणि शेवटी मालाच्या गाडीबरोबर जाणारं टेस्ट सर्टिफिकेट, सगळं त्यातच. आता काकांना फाइल सर्व्हर बदलायचा होता, मी म्हटलं लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकू, लायसन्सचे पैसे वाचतील आणि चालतंय पण चांगलं. तर त्या कंपनीचा सेल्सवाला मीटिंगमध्ये काकांना सांगतोय, साहेब ओपन सोर्सच्या नादाला लागू नका, ते फुकटचं असतंय, त्याला धनी नाही, कुणीही उठून कोड बदलतंय, व्हायरस आला तर कोण जबाबदार, आमचं बघा, पूर्ण आमच्या स्वतःच्या टेक्नॉलॉजीवर आहे.

काका माझ्याकडं बघायला लागले. मी काही बोललो नाही, त्यांच्याच ऑफिसातल्या मशीनवर सर्व्हिसेसची विंडो उघडली आणि खाली स्क्रोल केलं. पोस्टग्रेसची सर्व्हिस चालू होती. "पूर्ण स्वतःच्या टेक्नॉलॉजी"चा डेटाबेस पोस्टग्रेस, जे १९८६ ला कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात सुरू झालं आणि १९९६ पासून जगभरातली माणसं मिळून ओपन सोर्स म्हणून चालवतायत. मग काकांच्या मेलमधलं त्याच आठवड्यातलं एक टेस्ट सर्टिफिकेट उघडलं, पीडीएफवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथं "पीडीएफ प्रोड्युसर" म्हणून एक ओळ असते, ती कुणी बघत नाही. त्यात लिहिलेलं होतं आयटेक्स्टशार्प (पीडीएफ बनवणाऱ्या आयटेक्स्टचं एक रूप), पाचवं व्हर्जन, आणि पुढं कंसात एजीपीएल-व्हर्जन. म्हणजे काकांच्या कंपनीच्या लेटरहेडवर बाहेर गेलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटच्या पोटात लिहिलंय की हे एजीपीएल लायसन्सच्या सॉफ्टवेअरनं बनवलंय. आणि त्याच सर्टिफिकेटचा मराठी मजकूर "मुक्ता" फॉन्टमध्ये होता, जो मुंबईच्या एक टाईपच्या लोकांनी बनवून ओपन फॉन्ट लायसन्सखाली सगळ्यांना दिलाय.

पॅकेजच्या फोल्डरमध्ये यातल्या एकाचीही लायसन्सची फाइल नव्हती. "अबाउट"च्या स्क्रीनवर फक्त कंपनीचा लोगो आणि "सर्व हक्क राखीव".

आता यात नेमकं काय चुकलं ते सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ओपन सोर्स म्हणजे सगळं एकच वाटतं. तसं नाही. पोस्टग्रेसचं लायसन्स एकदम मोकळं आहे, विका, बदला, बंद पॅकेजमध्ये घाला, काही हरकत नाही, फक्त त्यांची कॉपीराइटची नोटीस प्रत्येक कॉपीबरोबर ठेवा. एवढी एकच अट. एमआयटी लायसन्सची पण तीच. मुक्ता फॉन्टबरोबर पण लायसन्सचा मजकूर द्यायचा असतो. एक टेक्स्ट फाइल. काही केबीची. तीसुद्धा काढून टाकायची म्हणजे काय कारण असेल, मला खरंच दुसरं कारण सापडत नाही, गिऱ्हाइकाला कळू नये एवढंच.

आयटेक्स्टचं तर याहून गंभीर आहे. हे बेल्जियममधल्या ब्रुनो लोवाजी नावाच्या माणसानं सुरू केलं, आधी त्याचं लायसन्स सैल होतं, २००९ च्या शेवटी पाचव्या व्हर्जनपासून ते एजीपीएल झालं. एजीपीएल म्हणजे, हे घालून बनवलेलं पॅकेज तुम्ही कुणाला दिलं किंवा बदल करून नेटवरून वापरायला दिलं, तर त्या माणसाला तुमच्या पॅकेजचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यायचा. द्यायचा नसेल तर आयटेक्स्टच्या कंपनीकडून पैसे भरून वेगळं कमर्शिअल लायसन्स घ्यायचं. दोन्ही वाटा उघड्या आहेत. तुम्ही तिसरी वाट काढली, इंटरनेटवरून डीएलएल, म्हणजे त्याची तयार फाइल, उतरवून घेतला, पॅकेजमध्ये टाकला आणि गप्प बसलात. आणि हे टाळणं अवघड पण नाही हो, डॉटनेटवाल्यांना पीडीएफशार्प आहे एमआयटी लायसन्सचं, जावावाल्यांना ओपनपीडीएफ आहे, पीडीएफबॉक्स आहे. कुणीतरी एकदा बसून लायसन्स वाचायला पाहिजे होतं.

बरं, आता तुम्हाला तुमच्याच गावातली गोष्ट आठवण करून देतो.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या मॉडेल कोल्हापुरी पायात घालून चालले आणि प्राडानं त्याला नुसतं लेदर सँडल म्हटलं, ना कोल्हापूर ना कारागीर. काय उसळलं होतं आपलं गाव! कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण, मिळालंय, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. चप्पल लाइनीतल्या दुकानदारापासून सुभाषनगरातल्या कारागिरापर्यंत सगळे बोलत होते, तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे व्हॉट्सअॅप स्टेटस मी स्वतः बघितलेत, "आमची चप्पल, आमचं नाव". महाराष्ट्र चेंबरनं पत्र लिहिलं, मग प्राडानं लेखी मान्य केलं की ही प्रेरणा भारतातल्या पारंपरिक हस्तकलेची आहे, आणि जुलैमध्ये त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून गेली. राग योग्यच होता, मलाही आला होता. चामडं कमावणं, तळ शिवणं, वेणी घालणं हे पिढ्यानपिढ्या शिकलेलं काम दुसऱ्यानं उचलायचं, आपलं लेबल लावायचं, आणि ज्यानं केलं त्याचं नाव कुठंच नाही.

मग तुमच्या "अबाउट" स्क्रीनवर काय आहे? ते बर्कलीचे, बेल्जियमचे, मुंबईचे कारागीर नाहीत का? त्यांनी रात्री जागून केलेलं तुम्ही उचललं, आपला लोगो लावला, आणि "सर्व हक्क राखीव" लिहिलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, आपल्या गावाचं तर नुकतंच जळलंय, आपल्याला हे दुसऱ्यापेक्षा लवकर कळायला पाहिजे.

मला माहितेय तुम्ही काय म्हणणार. आम्ही धंदा करतो, पोरांचे पगार द्यायचेत, कोड उघडा केला तर उद्या शेजारचा तेच पॅकेज निम्म्या किमतीत विकेल. हे मला मान्य आहे, अगदी मनापासून. बंद सॉफ्टवेअर विकणं हा गुन्हा नाही आणि मी तुम्हाला सगळं उघडं करा असं सांगायला आलेलो नाही. कष्टाचे पैसे मिळालेच पाहिजेत. १९७६ मध्ये बिल गेट्सनं कॉम्प्युटर हौशी मंडळींना असंच एक खुलं पत्र लिहिलं होतं, आमचं बेसिक (प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) तुम्ही पैसे न देता कॉपी करून वापरताय, मग चांगलं सॉफ्टवेअर लिहायला कोण बसणार, असा त्याचा सूर होता. त्याची तक्रार खोटी नव्हती. ज्यानं लिहिलं त्यानं अटी घालायच्या आणि वापरणाऱ्यानं त्या पाळायच्या. तुम्हीही हेच मानता ना? म्हणून तर डोंगल (मशीनला लावल्याशिवाय पॅकेज चालत नाही अशी छोटी किल्ली) लावता, मशीनच्या आयडीवर लायसन्स बांधता, कुणी क्रॅक करून वापरलं तर वकिलाची नोटीस पाठवता. माझं म्हणणं एवढंच की कॉपीराइटचा कायदा तुम्हाला लागू आहे तसाच त्या आयटेक्स्टवाल्यालाही आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम म्हणजे साहित्यकृतीच धरलेला आहे, त्यात फुकटवाल्यांचा प्रोग्रॅम वेगळा असं कुठं लिहिलेलं नाही. एजीपीएल आणि त्याचंच भावंड जीपीएल (पॅकेज दिलं तर कोडही द्या म्हणणारं लायसन्स) हे पण कॉपीराइटवरच उभे आहेत. तुमच्या डोंगलला जो कायदा राखतो तोच त्यांच्या लायसन्सला राखतो.

आणि ही भीती घालायची पद्धत तुम्ही शोधलेली नाही, जुनी आहे ती. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आतले काही मेमो फुटले होते, हॅलोविनच्या सुमारास बाहेर आले म्हणून त्यांना हॅलोविन डॉक्युमेंट्स म्हणतात. त्यात त्यांच्याच माणसानं लिहून ठेवलं होतं की ओपन सोर्स हे टिकणारं आहे आणि नुसती भीती पसरवून याला हरवता येणार नाही. तरी २००१ मध्ये त्यांचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर लिनक्सला कॅन्सर म्हणाले. पुढं काय झालं तुम्हाला माहितेय, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट स्वतः लिनक्स फाउंडेशनची मेंबर झाली, २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब, जिथं जगभरातला ओपन सोर्स कोड ठेवला जातो ती साइट, घेतलं, आणि २०२० मध्ये त्यांचे प्रेसिडेंट ब्रॅड स्मिथ जाहीरपणे म्हणाले की ओपन सोर्सच्या बाबतीत आम्ही इतिहासाच्या चुकीच्या बाजूला होतो. जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रोप्रायटरी कंपनीनं हे कबूल केलं आणि आपल्या गावातला सेल्सवाला अजून २००१ चीच टेप लावतोय.

"कुणीही उठून कोड बदलतंय" म्हणता ना, त्यावर जरा थांबून बोलू, कारण यातला निम्मा भाग खरा आहे आणि तो तुम्हालाच लागू होतो.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड सापडलं. बँकेच्या साइटपासून मेलपर्यंत निम्मं इंटरनेट ज्या कुलपावर चालतं त्या कुलपात भोक. तेव्हा बाहेर आलं की ओपनएसएसएलला देणग्या म्हणून वर्षाला साधारण दोन हजार डॉलर मिळत होते. जगभरातल्या अब्जावधीच्या कंपन्या ते वापरत होत्या आणि त्यांच्यातल्या कुणाच्याही मनात आलं नाही की हे लिहिणारा माणूस खातो काय. बोंब झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले. मग मार्च २०२४ मध्ये एक्सझेडचं प्रकरण झालं. एक्सझेड म्हणजे फाइल दाबून लहान करायची एक छोटी लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वापरायला तयार लिहून ठेवलेला कोड), जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. ती लासे कॉलिन नावाचा माणूस एकटा, फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता, थकला होता, आणि त्यानं तसं लिहिलं पण होतं. तिथं एका जणानं खोट्या नावानं दोनेक वर्षं मदत करत करत विश्वास कमावला आणि शेवटी आत चोरदरवाजा बसवला. ते पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड म्हणून एक डेव्हलपर आहे, त्याला वाटलं की लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, आणि तो खणत गेला. कोड उघडा होता म्हणून खणता आलं. आणि हा माणूस पोस्टग्रेसचा डेव्हलपर आहे बरं का, तेच पोस्टग्रेस जे काकांच्या मशीनवर तुमच्या नावानं चालतंय.

तर धोका आहे, नाही कुठं म्हणतोय. पण तो धोका कोड उघडा असल्यामुळं येत नाही, हजार कंपन्या वापरतात आणि सांभाळायला एकच माणूस उरतो त्यामुळं येतो. आडातच नसलं तर पोहऱ्यात कुठून येणार. त्या हजार कंपन्यांत तुम्ही आहात, तुमच्या कोल्हापूरच्या ऑफिससकट. मग सेल्सवाल्यानं त्यावर बोट ठेवणं हे खाल्ल्या घरचे वासे मोजणं झालं.

आणि फक्त लहान कंपन्यांना बोलतोय असं नाही, वरचे मोठेही काही कमी नाहीत. माझ्या धंद्यातलंच सांगतो. आपल्या भागातल्या कित्येक सर्व्हरवर सेंटओएस (रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची फुकट मिळणारी आवृत्ती) होतं, सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सपोर्ट मिळणार असं धरून लोकांनी टाकलेलं. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटनं, म्हणजे आयबीएमनं ३४ अब्ज डॉलरला घेतलेल्या रेड हॅटनं, जाहीर केलं की २०२१ च्या अखेरीस बंद. आठ वर्षांची वाट एका घोषणेत तुटली. आम्ही सर्व्हरवाल्यांनी रविवारी रविवारी बसून मशीनं हलवली. पण हलवता आली, हे महत्त्वाचं! कोड उघडा होता म्हणून वर्षभरात त्याच्या जागी अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले, लोकांनी आहे ती मशीनं तशीच वळवली आणि गिऱ्हाइकाचं काम एक दिवस सुद्धा थांबलं नाही. रेडिस या डेटाबेसचं पण तसंच, मार्च २०२४ मध्ये कंपनीनं लायसन्स बदललं कारण मोठ्या क्लाउडवाल्यांनी आयतं उचलून विकायला घेतलं होतं, लगेच जुन्या कोडवरून व्हॅल्की निघालं, आणि पुढच्या वर्षी रेडिस पण एजीपीएलवर आलं. यात रेडिसच्या कंपनीचंही दुःख खरं आहे, कष्ट यांचे आणि क्लाउडचं बिल दुसऱ्याच्या खात्यात, हे कुणाला आवडेल. घेणारा नुसता घेतच राहिला की देणारा दार लावून घेतो, आणि मग सगळ्यांचंच नुकसान होतं, तुमचं पण, कारण उद्या तुम्ही ज्यावर उभे आहात ते असंच बंद झालं तर तुमच्याकडं ते चालवायला माणूस आहे का?

याच्या उलटं काकांचं झालं. काकांना ते पॅकेज बदलायचंय असं समजल्यावर कंपनी म्हणाली डेटा तुमचा आहे पण डेटाबेसचा पासवर्ड आमचा आहे. एक्सपोर्ट पाहिजे तर वेगळं कोटेशन. हीट नंबरचा सगळा इतिहास, ज्याच्यावर उद्या एखादं कास्टिंग फुटलं तर ऑडिटला उत्तर द्यायचंय, तो एका पासवर्डच्या मागं अडकला. फुकट मिळालेल्या पोस्टग्रेसला कुलूप लावून त्याची किल्ली विकायला काढली! पोस्टग्रेसवाल्यांनी डेटा बाहेर काढायची कमांड सोबतच दिलेली असते, एका ओळीची, वर्षानुवर्षं तशीच चालत आलेली, आणि तीच तुम्ही गिऱ्हाइकापासून लपवता. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आहे. लायसन्सची फाइल काढणं एकवेळ आळस म्हणून समजून घेईन, हे नाही.

असलं गावाकडं कोण बघतंय असं वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स सापडलं, जीपीएल असून सोर्स दिलेला नव्हता. लोकांनी पाठ सोडली नाही आणि कंपनीला कोड उघडा करावा लागला. त्या कोडवरून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर निघालं, आज मी आपल्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये जे राउटर लावतो त्यातल्या बऱ्याच जणांवर तेच आहे. त्या कंपनीचं नुकसान झालं का? उलट तो राउटर पुढं कित्येक वर्षं लोक शोधून शोधून विकत घेत होते. आणि दुसरी गोष्ट फ्रान्सची. तिथल्या ऑरेंज या बलाढ्य टेलिकॉम कंपनीनं एका छोट्या कंपनीची जीपीएलची लायब्ररी अटी न पाळता वापरली, केस वर्षानुवर्षं चालली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या कोर्टानं ऑरेंजला साडेसहा लाख युरो भरायला लावले. मी कुणाला धमकी देत नाहीये. पण आता तुमची पॅकेजं पुण्या-मुंबईच्या, परदेशातल्या गिऱ्हाइकांकडं जातायत, त्यांचे लोक माल घ्यायच्या आधी सॉफ्टवेअरमध्ये काय काय घातलंय त्याची यादी मागतात, आणि त्या दिवशी "सर्व हक्क राखीव" चालणार नाही.

तर काय करा म्हणतो मी?

आधी तुमच्याच ऑफिसात एका माणसाला बसवून पॅकेजमध्ये कुठल्या लायब्ररी आहेत, कुठलं लायसन्स, याची यादी करा. यादी झाली की ती "अबाउट"मध्ये टाका, लायसन्सच्या फाइल्स सेटअपमध्ये परत घाला. याला पैसा लागत नाही. एजीपीएल-जीपीएलचं काही सापडलं तर पर्याय बदला किंवा कमर्शिअल लायसन्स घ्या, खर्च येईल पण तो तुमच्या मालाचा खर्च आहे, पत्र्याचा खर्च फाउंड्रीवाला धरतो तसा तुम्हीही धरा. करारात एक ओळ घाला की गिऱ्हाईक सोडून गेला तर त्याचा सगळा डेटा साध्या सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये) विनाशुल्क मिळेल. आणि सेल्सच्या पोरांना सांगा, ओपन सोर्सची बदनामी करून ऑर्डर आणू नका, आपण त्यावर चालतो हे अभिमानानं सांगा. गिऱ्हाइकाला उलट बरं वाटतं, काकांनी पोस्टग्रेसबद्दल मी सांगितल्यावर पहिला प्रश्न काय विचारला, "म्हणजे आमचं काम एवढ्या चांगल्या वस्तूवर चाललंय, मग हे लपवलं का?"

परत देण्याबद्दल पण बोलायचंय. पैसेच द्या असं नाही, देता आले तर उत्तमच, शेअर ब्रोकर झिरोधानं २०२४ मध्ये जगभरातल्या ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फंड काढलाय, आपली तेवढी ताकद नाही हे मला माहितेय. पण तुमच्या पोरांना एखादा बग सापडला आणि त्यांनी तो दुरुस्त केला तर तो स्वतःच्या फोल्डरमध्ये दाबून ठेवण्यापेक्षा मूळ प्रोजेक्टला पाठवू द्या, कंपनीच्या वेळेत. त्यात तुमचाही फायदा आहे, नवीन व्हर्जन आलं की तीच दुरुस्ती परत करत बसावं लागत नाही. मराठीचं तर केवढं काम पडलंय. जोडाक्षरं तुटतात, पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की भलतंच येतं, वेलांटी पुढची मागं होते, आणि हे तुमच्या सपोर्टवाल्या पोरांना जेवढं माहितेय तेवढं बर्लिनमध्ये बसलेल्या डेव्हलपरला कुठून कळणार? आपल्याच माणसांनी सांगायला पाहिजे. जुन्या प्रेसवाल्यांना विचारा, त्यांचं आयुष्यभराचं मराठी टायपिंग बंद फॉन्टमध्ये अडकलंय, ते सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नाही, डोंगल लावायला पोर्ट नाही, आणि फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. युनिकोड आणि उघडे फॉन्ट आले म्हणून पुढच्या पिढीचं तसं होणार नाही. त्या उघड्या फॉन्टवर तुमची मराठी बिलं छापली जातायत.

कॉलेजची पोरं इंटर्नशिपला येतात तुमच्याकडं, दरवर्षी तोच पुस्तकांच्या लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट करून घेता. त्यापेक्षा त्यांना तुम्ही वापरत असलेल्या एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टमधला एक छोटा बग द्या. पोरगं सहा महिन्यांत जेवढं शिकेल तेवढं तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकत नाही, आणि त्याचं नाव जगभर दिसणाऱ्या यादीत लागेल, कोल्हापूरच्या पोराचं. केंद्र सरकारनं २०१५ मध्येच धोरण काढलंय की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं, केरळच्या सरकारी शाळांत पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतायत. ही माणसं पुढं तुमच्याच धंद्यात येणार आहेत आणि ती लायसन्स वाचून येणार आहेत.

मला उद्या यातल्या काही जणांचे फोन येतील, आमची कामं काढून घेऊ म्हणतील, चालंल. पण ज्यांना खरंच दुरुस्त करायचंय त्यांना सांगतो, तुमच्या पॅकेजचं सेटअप घेऊन या, आपण शेजारी बसून आतल्या लायब्ररींची यादी काढू, कुठल्याला काय अट आहे ते लिहून काढू, काय बदलायचं ते ठरवू. त्याचे पैसे घेणार नाही आणि कुणाचं काय निघालं ते बाहेर बोलणार नाही. काकांच्या पॅकेजवाल्यांनाही हेच सांगितलंय. त्यांचा वार्षिक करार मार्चअखेर संपतोय, आणि काकांनी नव्या कराराच्या मसुद्यात दोन कलमं स्वतः हातानं लिहून घातलीयत, एक डेटा एक्सपोर्टचं आणि एक, पॅकेजमध्ये वापरलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरची नावं आणि लायसन्सं सोबत जोडायची. बाकीच्या फाउंड्रीवाल्यांनीही तो मसुदा मागून घेतलाय, तेव्हा तुमच्याकडंही तो येईलच.

तुमचाच,
उद्यमनगरातला एक सर्व्हरवाला